दिवसाढवळ्या लावलेलं दार

त्या कादंबरीतल्या शहरात एकाही घराला दार नव्हतं, आणि मला रत्नागिरीच्या कॉलेजात कायम व्हायचं होतं. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं आज कोणी विचारलं तर मी आधी हसून घेते. तेव्हा हसू येत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मराठी शिकवत होते, पण रजेवर गेलेल्या एका प्राध्यापकांच्या जागेवर. ते आता परत येणार नाहीत असं कळलं आणि जागा कायमची भरायचं ठरलं. उमेदवार दोन. एक मी, आणि दुसरे देशावरचे एक गृहस्थ, ज्यांच्या पदव्यांची शेपटी माझ्याहून लांब होती. समिती वर्गात बसून दोघांचाही पाठ ऐकणार आणि मग ठरवणार, असं प्राचार्यांनी सांगितलं.

आमचे हे तेव्हा लोट्याला, केमिकलच्या कारखान्यात. रविवारी घरी येत तेव्हा धुतलेल्या शर्टालाही तिथला वास असे. त्यांनी अगदी शांतपणे सांगून टाकलं होतं, "कायम झालीस तर प्रश्नच नाही. नाही झालीस तर दरवर्षीचं हे टांगणीला लागणं पुरे. लोट्याला चल. क्वार्टर मिळतेय."

"आणि तिथे मी काय करू?"

"दोन खोल्या आहेत. दोन्हींना दारं आहेत."

हे दारांचं त्यांनी थट्टेत म्हटलं, पण लागलं नेमकं तिथेच. आमच्या घरात दारं होती, पण ती लावायची पद्धत नव्हती. सकाळी दुधाला उघडलेलं पुढचं दार दिवेलागण होऊन जेवणं आटपेपर्यंत उघडं. आळीतल्या सगळ्याच घरांचं तसं. कोणीही खळ्यातून, म्हणजे पुढच्या अंगणातून, ओटीवर, ओटीवरून माजघरात यावं, हाक मारायचीही गरज नाही. माझी अभ्यासाची जागा म्हणजे माजघराला लागून असलेली खोली. तिच्या दारामागे सुपं, रोवळ्या, गुंडाळलेल्या चटया आणि आमसुलांची बरणी अशी पिढीजात वस्ती होती. ते दार लावायचं म्हणजे आधी त्या सगळ्यांना बेघर करायला हवं.

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल दोन शब्द. वय सव्वीस. कडक खळीची सुती साडी, जी बसताना माझ्याआधी बसे. चष्म्याला नंबर होता, पण काड्या जितक्या जाड होत्या तितका नव्हता. बोलताना मी 'अनुषंगाने' हा शब्द भाजीत मीठ घालावा तसा घालत असे, आणि भाजी खारट झालेली मला सोडून सगळ्यांना कळत असे.

ती कादंबरी आमच्या अभ्यासक्रमाला नुकतीच लागली होती. गोष्ट सरळ होती. एका शहरात पहिल्या प्रकरणात रंगवायला म्हणून एका घराचं दार काढून नेतात आणि ते परत आणून बसवत नाहीत. मग दुसऱ्याचं नेतात. मग हुकूम निघतो की दारांची गरजच उरलेली नाही, कारण शहर आता सुरक्षित आहे. कुलपं दुरुस्त करणारा एक माणूस बेकार होतो. तो एक जुनी बिजागरी खिशात लपवून हिंडतो आणि गोष्ट तोच सांगतो. राज्य करणारा कोण, ते शेवटपर्यंत दिसत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीला कोणीतरी एकच वाक्य बोलतं, "आमच्याकडे सगळं उघडं आहे." पहिल्यांदा अभिमानाने, मग सवयीने, मग इतक्या हळू आवाजात की वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

माझ्या अंगावर मात्र काटा येत नव्हता, कारण मी कादंबरीपेक्षा गाईड जास्त वाचत होते. दार काढून नेणं हे पूर्वसूचन. बिजागरी हे प्रतीक. बेकार कुलूपवाला हा उपरोध. वाक्य परत परत येतं ती पुनरुक्ती. आशयसूत्रं तीन, पाळत, भय आणि एकाकीपण. सगळ्यांखाली लाल रेघा. अशा कादंबरीला काय म्हणायचं, यावर मी एक रात्र खर्ची घालून 'आदर्शविरोधी कल्पित राज्यव्यवस्थात्मक कादंबरी' असा शब्दसमूह तयार केला होता. एका श्वासात तो संपत नसे. मला वाटे, त्यातच त्याची भीषणता आहे.

प्रतीक हातात असावं म्हणून मी बाजारात जाऊन एक बिजागरीही मागितली. दुकानदाराने दोन काढून ठेवल्या.

"एकच हवी," मी म्हटलं.

"एक घेऊन काय करणार, वहिनी? एका बिजागरीवर दार राहत नाही."

"दार नाहीये. शिकवायला हवीय."

त्याने माझ्याकडे, मग बिजागरीकडे पाहिलं आणि ती कागदात बांधून दिली. मी घरी पोहोचायच्या आधी ही बातमी घरी पोहोचली होती. कुंपणापलीकडच्या काकू म्हणाल्या, "काय गो, कॉलेजात सुतारकाम पण शिकवतेस का?"

त्या दिवसांत मला सारखं वाटायचं की कादंबरीतला तो माणूस मीच. वाचायला बसले की सासूबाई माजघरातून डोकावत. "वाचतेस होय? वाच वाच." थोड्या वेळाने मामंजी, म्हणजे सासरे, चष्मा शोधत येत आणि तो त्यांच्या कपाळावर असे. मग काकू. "परवा तुझी तपासणी ना गो? साडी कुठली नेसणार?" मोठ्याने पाठ म्हणून बघावा तर ओटीवरून कोणीतरी विचारणार, कोणाशी बोलतेय ही. पाठ मनातल्या मनात केला की मला वाटे सगळं येतंय. तोंड उघडलं की पहिल्या वाक्यानंतर दुसरं सापडत नसे. देशावरचे गृहस्थ, म्हणे, टिपणं न बघता तासभर बोलतात. क्वार्टरच्या त्या दोन खोल्या मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसायला लागल्या होत्या. एकीत स्टो, दुसरीत मी.

शेवटी पाठाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, सगळे जेवून लवंडले असताना मी सुपं आणि रोवळ्या पलंगाखाली सरकवल्या, चटया आडव्या केल्या, बरणी खिडकीत ठेवली, दार लावलं आणि कडी घातली. कडी इतकी गंजलेली की तिने किंचाळून सगळ्या घराला वर्दी दिली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. भिंतीला वर्ग मानून उभी राहिले आणि कादंबरीतला सगळ्यात भयंकर उतारा, आवाजात चढउतार घालत, म्हणायला लागले. "आता इथे कोणी येणार नाही. कोणाला हाक मारून उपयोग नाही. आता काहीच उरलेलं नाही."

मला तो फार छान जमत होता. मी तो पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदा म्हणताना 'काहीच उरलेलं नाही' वर थोडं रडूही आणलं.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग दारावर थाप. थाप कसली, दोन्ही हातांनी मारलेले धपाटे.

"अगो, दार उघड. दार उघड आधी." सासूबाईंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"आई, मी पाठ..."

"काय असेल ते बाहेर येऊन सांग. कडी काढ." मागून काकू कोणाला तरी पहार आणायला सांगत होत्या. मामंजी नुसतेच "सूनबाई, सूनबाई" म्हणत होते.

मी कडी ओढली तर ती अडकली. बाहेर त्यांना वाटलं मी मुद्दाम उघडत नाही. मी दोन्ही हातांनी खेचतेय, कडी हलत नाही, बाहेर काकूंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केलेली. तेवढा वेळ फार लांब होता. शेवटी कडी निघाली आणि दार उघडलं तर समोर निम्मी आळी उभी. खळ्यात आणखी माणसं. माझ्या हातात खडू.

सासूबाईंनी माझ्या अंगावरून, साडीवरून हात फिरवला, खोलीत जाऊन चारी कोपरे पाहिले, पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे त्यांची सुपं होती. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

आळी पांगल्यावर मी चहा केला. त्यांनी कप हातात घेतला, प्यायला नाही.

"माझ्या माहेरी, पूर्णगडला, शेजारी अशीच एक सून होती," त्या म्हणाल्या. "भर दुपारी दार लावलंन. आम्ही सगळ्या ओटीवर होतो. म्हटलं, झोपली असेल. कोणी विचारलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "तू हवं तेवढं बोल. भिंतीशी बोल, बिजागरीशी बोल. दिवसाचं दार लावू नको."

त्या वेळच्या मला काय समजणार? मी 'बरं' म्हटलं, आणि मनातल्या मनात पाळतीच्या सूत्राखाली आणखी एक लाल रेघ मारली.

पाठाच्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर तिघं बसले. प्राचार्य, विद्यापीठाकडून आलेले एक तज्ज्ञ, ज्यांचं मराठी पुण्याकडचं आणि चेहरा इस्त्रीचा, आणि संस्थेचे एक विश्वस्त, मोठे बागायतदार. त्यांचं लक्ष खिडकीतून समोरच्या आंब्यावर होतं. मार्चचा उकाडा, खळीच्या साडीत मी, आणि पुढे मुलं. शहरातल्या मुली पुढे, आतल्या गावांतून आलेले मुलगे मागे, समितीमुळे सगळे ताठ.

मी फळ्यावर माझा शब्दसमूह लिहायला घेतला. 'राज्यव्यवस्था'पाशी खडू मोडला. 'त्मक' राहून गेलं ते गेलंच. मग मी बिजागरी वर धरली, पहिलं प्रकरण थोडक्यात सांगितलं आणि गाईडात दिला होता तो प्रश्न नाट्यमय आवाजात टाकला.

"कल्पना करा. असं एक शहर, जिथे कुठल्याच घराला दार नाही. कोणीही कधीही आत डोकावू शकतं. तुम्हाला भीती नाही वाटत?"

यानंतर वर्ग शहारणार आणि मी 'या अनुषंगाने' असं म्हणून पुढे जाणार, असं ठरलेलं होतं.

वर्ग शहारला नाही. मालगुंडकडची एक मुलगी तिसऱ्या बाकावर बसे. सगळे मॅडम म्हणत, ती मला कॉलेजातही बाईच म्हणायची. ती प्रामाणिकपणे म्हणाली, "नाय बाई."

"नाही?"

"आमच्यात दिवसाचं दार लावतच नाहीत. त्यात भ्यायचं काय?"

माना हलल्या. मागचा एक मुलगा म्हणाला, "उलट बरंय की." आणि मागच्या बाकावरून विश्वस्तांनीही, आंब्यावरची नजर काढून, "खरं आहे," म्हणून टाकलं. तज्ज्ञांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

माझ्या कानात वाफ भरल्यासारखं झालं. शहरच भयंकर नाही म्हटल्यावर पूर्वसूचन कशाचं आणि प्रतीक कशाचं? पुढचा सगळा पाठ त्या एका शहाऱ्यावर रचलेला. गाईडात 'विद्यार्थी भ्यायले नाहीत तर' असं प्रकरण नव्हतं. मी वेळ काढायला म्हणून विचारलं, "आणि दिवसा दार लावलं तर? काय होतं तुमच्याकडे?"

"लोक विचारायला येतात." मग ती मुलगी जरा अडखळली, पण खरं बोलायची सवय असावी. "तुमच्याकडे पण आले होते ना बाई, परवा."

ती आमच्या आळीत तिच्या मावशीकडे राहत होती, हे मी विसरले होते. वर्गात खसखस पिकली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. प्राचार्यांनी भुवया वर केल्या. तज्ज्ञांनी पेन थांबवलं. विश्वस्त आता पूर्णपणे माझ्याकडे वळून बसले होते, आंबा संपला होता. मला लोट्याच्या त्या दोन खोल्या दिसल्या, दारं आणि स्टोसकट.

'विषयाला धरून बोला' असं म्हणून तिला खाली बसवता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण बाहेर पडलं ते असं,

"हो. आले होते. पहार घेऊन आले होते."

वर्ग हसला, आणि त्या हसण्यात मला जमिनीवर बसलेल्या सासूबाई दिसल्या. आणि कुठून कोण जाणे, कादंबरीतलं एक प्रकरण आठवलं. गाईडात ते नव्हतं, म्हणून मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्यात एक म्हातारा तापाने पडलेला असतो. दार नाही, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तो दिसतो. लेखक रडत नाही, ओरडत नाही. एवढंच लिहितो की त्याची खाट रस्त्यावरून स्पष्ट दिसत असे. पुढच्या ओळीत खाट रिकामी असते.

मी पुस्तक उघडून ते वाचून दाखवलं. चढउतार न घालता, कारण घालायला आवाजच उरला नव्हता.

मालगुंडच्या मुलीने आपलं पुस्तक उघडून ते पान शोधलं.

"आत कोण गेलं?" मी विचारलं.

"कोणीच नाय," मागचा मुलगा म्हणाला.

"सगळ्यांना दिसत होता ना?"

"दिसत होता." मग तो मघाचं 'उलट बरंय' आठवून स्वतःवरच चिडल्यासारखा म्हणाला, "पण विचारायला कोणी गेलं नाय."

तिथून पाठ माझ्या हातात राहिला नाही आणि ते बरं झालं. मालगुंडची मुलगी म्हणाली की मग पहिल्या प्रकरणात ते लोक 'आमच्याकडे सगळं उघडं आहे' असं म्हणतात ते आपल्यासारखंच म्हणतात. मी म्हटलं, लेखकाने सापळा तिथेच लावलाय. त्या शहरातल्या लोकांसारख्याच तुम्हीही माना हलवल्यात, आत्ता, माझ्यासमोर. भीती दाखवून भीती घालणं सोपं असतं; त्याने आधी तुमच्याकडून होकार घेतला. याला उपरोध म्हणतात. आणि खाटेच्या त्या एका ओळीला न्यूनोक्ती, म्हणजे मोठं दुःख कमी शब्दांत टाकून बाजूला होणं. त्या दिवसापर्यंत हे दोन्ही शब्द माझ्यासाठी लाल रेघांवर राहणारे होते.

तास संपता संपता तज्ज्ञांनी मागून विचारलं, "मॅडम, मग या शहराची वाईट अवस्था नेमकी कुठल्या पानापासून सुरू होते? दारं काढतात तिथून?"

"नाही सर," मी म्हटलं. "मला वाटतं, दार काढून नेल्यावर शेजारचा 'का नेलं' असं विचारायला येत नाही, तिथून. म्हणजे पहिल्याच प्रकरणापासून."

त्यांनी 'हं' म्हटलं आणि लिहिलं. ते हं कुठल्या जातीचं होतं ते कळायला मार्ग नव्हता. बाहेर पडताना विश्वस्त मात्र हळूच म्हणाले, "ती बिजागरी पंचधातूची आहे काय हो? नाही, बराच वेळ धरली होतीत." मी मुठीत पाहिलं. तळव्यावर तिचे वळ उठले होते.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. देशावरच्या गृहस्थांचा पाठ उत्तम झाला होता, असं सगळे म्हणत. तासभर, टिपणं न बघता. माझ्या पाठात पहार आली होती. मी मनातल्या मनात भांडी वेगळी काढायला लागले होते, कुठली लोट्याला न्यायची आणि कुठली ठेवायची. सासूबाई काही विचारत नव्हत्या, आणि त्यांनी न विचारणं हेच मला सगळ्यात भीतीदायक वाटत होतं.

मग एका सकाळी मी विहिरीवर असताना कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या, "काय गो, पेढे कधी?"

"कसले?"

"कायम झालीस ना. काल सभा झाली. तुला कोणी सांगितलं नाही?"

मला प्राचार्यांनी सांगितलं ते दुपारी. आळीला सकाळीच माहीत होतं. आता त्याचा राग येईना, हे माझ्या लक्षात आलं. पण ते मी कोणाला सांगितलं नाही. चष्म्याची अब्रू होती.

रविवारी हे आले. त्यांनी क्वार्टरची चावी खिशातून काढून ओटीवर ठेवली आणि म्हणाले, "परत करतो. तिथे दोन्ही दारं फुगलेलीच आहेत तशी, लागत नाहीत."

आत गेले तर माझ्या खोलीतून सुपं, रोवळ्या, चटया, सगळी वस्ती हललेली. मामंजी स्टुलावर उभे राहून दाराची गंजकी बिजागरी काढून माझी नवी बसवत होते. खालची जुनीच राहिली होती. सासूबाई वातीने तिला तेल देत होत्या.

"लाव हो दार, वाचायचं असेल तेव्हा," त्या म्हणाल्या. "कडी मात्र काढून टाकलीय."

तेव्हापासून मी दिवसाढवळ्या दार लावून वाचायला लागले. आळीने महिनाभर त्याबद्दल बोलून घेतलं. दार लावून चार पानं होत नाहीत तोच ते बोटभर उघडे. "चहा घेणार?" "नको आई." पुन्हा चार पानं. "आहेस ना?" "आहे." मी मोठा उसासा टाकत असे. मला वाटे, माझ्या विद्वत्तेत हा किती व्यत्यय.

एका दुपारी मात्र बराच वेळ कोणी आलं नाही. मी पान उलटलं, पुन्हा मागे आले, पुस्तक पालथं ठेवलं. कान दिला. घरात काही आवाज नव्हता. शेवटी मीच उठून दार उघडलं. सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय गो, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "चहा घेणार का, विचारायला आले."